आधी आवाज, मग भाकरी

भाकरीचा तुकडा तोंडात धरून आमची कुत्री भुरी थांबली, चावेना, आणि दोन्ही कान मागे गेले, की आम्ही समजतो: कुठेतरी हलगी सुरू झाली आहे. आपल्याला ती ऐकू यायला अजून वेळ असतो. माणसाच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज कळतात, कुत्र्याच्या कानाला ४५ हजारांच्या आसपासपर्यंतचे. शिवाय मंद आवाजही तो आपल्यापेक्षा बराच लांबून पकडतो. त्यामुळे घाबरणाऱ्या कुत्र्याची रात्र आपल्या आधी सुरू होते आणि आपल्या नंतर संपते. फटाके थांबले म्हणून घर झोपतं, तेव्हाही भुरी धापा टाकत फेऱ्या मारत असते.

भुरी साडेतीन वर्षांची, १६ किलो वजनाची गावठी कुत्री. घर सोलापुरातलं, बाळीवेशीकडचं, जुनं, रस्त्याला लागून. अशा घरात कुत्रा ठेवायचा तर आवाजाचं पंचांग पाठ असावं लागतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि यात्रेच्या शेवटाकडे होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, त्याच सुमारास लग्नसराई. मे महिन्यात वळवाचा गडगडाट. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथोत्सव, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. हे सण आमचेच आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण या यादीकडे कुत्रीच्या बाजूने पाहिलं की मधल्या फटी दिसायला लागतात: गड्डा संपल्यापासून शिवजयंतीपर्यंतचे चार आठवडे, लग्नं थांबलेला आषाढ आणि पितृपक्षाचा पंधरवडा. खरं काम या फटींमध्ये होतं. दिवाळीच्या रात्री कुत्र्याची भीती घालवता येत नाही, त्या रात्री त्याला फक्त सांभाळता येतं. भुरीची आवाजाची भीती कमी करायला आम्ही सुरुवात केली ती गड्डा आटोपल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात.

सुरुवात पशुवैद्याकडून केली. कान, दात, कंबर आणि मागच्या पायांचे सांधे तपासून घेतले. कारण असं की सांधेदुखी असलेलं कुत्रं मोठ्या आवाजाने दचकतं, दचकताना अंग ताठ होतं, दुखतं आणि आवाज व दुखणं यांची मनात गाठ बसते. पाच-सहा वर्षं बिनधास्त राहिलेलं कुत्रं अचानक आवाजाला भ्यायला लागलं तर आधी दुखणंच शोधावं. दुखणं तसंच ठेवून कितीही सराव केला तरी फळ येत नाही. भुरीचे सांधे ठीक निघाले, एका कानात मळ आणि सूज होती. ती बरी होईपर्यंत दहा दिवस आम्ही काहीच केलं नाही.

त्या दहा दिवसांत फक्त बघितलं आणि वहीत लिहिलं. भीती म्हणजे थरथर आणि पलंगाखाली लपणं, एवढंच आधी डोक्यात होतं. प्रत्यक्षात ती त्याच्या बरीच आधी सुरू होते. भुरीचा क्रम असा: कान मागे, मग कारण नसताना जांभई, मग नाकावरून झटकन फिरवलेली जीभ, मग एक पुढचा पाय किंचित उचललेला. इथपर्यंत ती हाकेला येते. यानंतर शेपटी पोटाखाली, बाहुल्या मोठ्या, लाळ, फेऱ्या, आणि शेवटी मोरीतला कोपरा. मोरीत गेलेल्या कुत्र्याला काही शिकवता येत नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा जीव वाचवणं सोडून दुसरं काही नसतं.

धापेबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण सोलापुरात इथेच फसगत होते. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की प्रत्येक कुत्रं दिवसभर धापाच टाकतं. उन्हाची धाप आणि भीतीची धाप यांत फरक आहे. उन्हाने धापणारं कुत्रं थंड फरशीवर पोट टेकून पसरतं, जीभ रुंद, सैल, बाजूला लोंबते, डोळे अर्धे मिटलेले. भीतीने धापणाऱ्याच्या तोंडाचे कोपरे मागे ताणलेले असतात, डोळ्यांखाली सुरकुती पडते, जिभेचं टोक वर वळलेलं असतं आणि ते एका जागी बसत नाही. हा फरक ओळखता येईपर्यंत उन्हाळ्यात सराव करू नये. केलाच तर पहाटे सहाला, फरशी गार असताना.

पुढचं काम जागेचं. ती रस्त्यापासून लांब, घराच्या पोटात हवी. आमच्याकडे ते माजघर: तिन्ही बाजूंना खोल्या, जाड भिंती, एकच खिडकी आणि तीही घरातल्या चौकात उघडणारी. फ्लॅट असेल तर दोन खोल्यांच्या मधला बोळ किंवा जिन्याखालची जागा चालते. भुरीचं अंथरूण लाकडी टेबलाखाली लावलं, तीन बाजूंनी चादरी सोडल्या, चौथी उघडी ठेवली. दार कधीही लावायचं नाही. कोंडलेलं कुत्रं घाबरलं तर नखं तुटेपर्यंत दार ओरबाडतं आणि ती जागाच त्याला नकोशी होते.

चादरी अर्थात सोलापुरीच. जाड सुती विणीची जॅकार्ड चादर दुहेरी करून दारावर आणि खिडकीवर टांगली की लवंगी माळेचा तडतडाट, हलगीची कडकड, रॉकेटची शिट्टी, म्हणजे एकूण चिरके आवाज बरेच दबतात. डॉल्बीचा दणका मात्र चादरीला दाद देत नाही. तो भिंतीतून आणि जमिनीतून येतो. त्यासाठी तीन गोष्टी केल्या. अंथरूण फरशीवरून उचलून जाड कापसाच्या गादीवर घेतलं. खिडकीच्या काचा चौकटीत थरथरतात, त्यांच्या फटीत कागदाच्या घड्या दाबून बसवल्या. फडताळातली स्टीलची ताटं एकावर एक न ठेवता मध्ये टॉवेल घातले. भुरी डॉल्बीपेक्षा आधी त्या ताटांच्या किणकिणीला दचकायची, हे वहीमुळे कळलं. आणि घरातला जुना पत्र्याचा कूलर पाणी न घालता नुसता पंखा म्हणून चालू ठेवला. त्याची सलग घरघर बाहेरचे आवाज बुडवते. टीव्हीपेक्षा कूलर बरा, कारण टीव्हीत मध्येमध्ये शांतता येते आणि नेमका त्याच क्षणी बॉम्ब फुटला तर तो दुप्पट वाटतो.

ही जागा तयार झाली म्हणजे कुत्रं तिथे जाईल असं नाही. तीन आठवडे भुरीचं रात्रीचं जेवण त्याच टेबलाखाली दिलं. दुपारी चघळायचं हाड तिथेच. भीती वाटली तेव्हा तिला उचलून तिथे नेलं नाही, एकदाही नाही. उचलून नेलं की जागा म्हणजे संकटाची खूण होते.

आता सरावाकडे. तत्त्व साधं आहे: ज्या आवाजाची भीती वाटते तो मुद्रित करून इतका हळू वाजवायचा की भीती जागीच होणार नाही, आणि लगेच काहीतरी फार आवडतं खायला द्यायचं. असं शेकडो वेळा. हळूहळू आवाजाचा अर्थ बदलतो. सगळी कसोटी ‘इतका हळू’ म्हणजे किती, यात आहे.

त्यासाठी आमचं माप म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी वाळलेली, आठवडेच्या आठवडे टिकणारी. हिचे वाटाण्याएवढे तुकडे होतात आणि हात तेलकट होत नाहीत. मीठ नसलेली घ्यावी. भुरीला ती आवडते, पण जीव टाकावा इतकी नाही, म्हणूनच ती मापाला योग्य. आवाज झाल्यावर भाकरी घेतली, म्हणजे आवाज सोसण्याच्या हद्दीत आहे. भाकरी सोडली पण उकडलेलं चिकन घेतलं, म्हणजे हद्दीच्या काठावर आहोत. कलेजीलाही तोंड लावलं नाही, म्हणजे हद्द कधीच ओलांडली, सराव त्या क्षणी बंद. प्रत्येक सरावातला पहिला आणि शेवटचा आवाज भाकरीवर तपासायचा, मधले सगळे चिकनवर. चिकन बिनमिठाचं, बिनहळदीचं, करंगळीच्या नखाएवढे तुकडे, एका वेळी दोन टेबलस्पूनांपेक्षा जास्त नाही, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी. भाकरीबरोबर हाताशी असते म्हणून शेंगा चटणी लावून कुणी तुकडा देतं, तो देऊ नये. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आपल्या जिल्ह्यात घरोघरी असणारे बेदाणे तर मुळीच नकोत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर बाधतील याचा भरवशाचा हिशेब नाही.

पहिल्या दिवशी स्पीकर माडीवर, भुरी माजघरात, मधली दोन दारं बंद. फोनच्या आवाजाच्या १५ पायऱ्यांपैकी पहिली. आपल्याला जेमतेम कळेल न कळेल इतका आवाज, आणि तेवढाच हवा. एक जण माडीवर, एक जण भुरीजवळ. आवाज झाला, मनात ‘एक’ म्हणायचं, मग तुकडा द्यायचा. हा क्रम उलटला तर सगळं उलटतं. पाच-सहा मिनिटांत आठ आवाज, दोन आवाजांमधलं अंतर कधी वीस सेकंद, कधी सव्वा मिनिट. ठरावीक अंतर ठेवलं तर कुत्रं घड्याळ शिकतं, आवाज नाही. हलगीसारखा लांबणारा आवाज असेल तर तो चालू असेपर्यंत एकामागून एक तुकडे, आणि आवाज थांबला की खाणंही थांबलं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

लागोपाठ तीन सराव निर्मळ गेले की एकच गोष्ट बदलायची. आवाज वाढवला तर अंतर तेच. स्पीकर जवळ आणला तर आवाज दोन पायऱ्या खाली. निर्मळ म्हणजे काय, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: शेवटची भाकरी खाल्ली, मागे गेलेले कान दोन सेकंदांत परत आले, जांभई नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस माडीवर सुतळी बॉम्ब वाजला आणि भुरीने दाराकडे न बघता आमच्या हाताकडे बघितलं. कान पुढे, शेपटी सैल. हे वळणं म्हणजे सगळ्या खटाटोपाचा अर्थ. त्या आधी आवाज वाढवण्याची घाई केली असती तर हे कधीच दिसलं नसतं.

प्रत्येक आवाजाचा जिना वेगळा. लवंगी माळेला सरावलेलं कुत्रं रॉकेटच्या शिट्टीला पहिल्यासारखंच घाबरतं. आम्ही पाच आवाज घेतले: हलगी, लवंगी माळ, सुतळी बॉम्ब, शिट्टीचं रॉकेट आणि ढगांचा गडगडाट. सगळ्यांत सोप्यापासून सुरुवात केली, भुरीच्या बाबतीत ती हलगी.

चुका झाल्या, त्या इथे लिहितो, कारण त्यांचाच उपयोग जास्त.

तुकड्यांचा स्टीलचा डबा आधी उघडायचा आणि मग माडीवर खूण करायची, असं पहिल्या चार दिवसांत झालं. झाकणाचा ‘टक’ झाला की पुढे आवाज येतो हे भुरीने दोन दिवसांत ताडलं, आणि डबा उघडला की ती उठून जायला लागली. म्हणजे खाण्यामुळे आवाज गोड व्हायचा, तर आवाजामुळे खाणं कडू झालं. डबा बदलला, तुकडे आधीच खिशातल्या कापडी पिशवीत ठेवायला लागलो. सरावाशिवायही दिवसभरात पाच-सहा वेळा त्याच खिशातून तुकडा द्यायला लागलो, म्हणजे खिसा ही आवाजाची खूण राहिली नाही. ते निस्तरायला आठवडा गेला.

दुसरी चूक स्पीकरची. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही. त्याच्यावर दहाव्या पायरीपर्यंत भुरी शांत होती. आम्हाला वाटलं, जमलं. पहिल्याच वरातीत डॉल्बीचा दणका छातीत बसला आणि ती मोरीत. मग मोठा, खर्जाचा वेगळा डबा असलेला स्पीकर आणला आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. हा स्पीकर कुत्र्याला दिसेल असा ठेवू नये, आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी, नाहीतर तो खोकाच भीतीचा होतो.

तिसरी, घाईची. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून एका दिवसात पाचवीवरून आठवीवर गेलो. भाकरी सोडली, चिकन सोडलं, कलेजी सोडली. दुसऱ्या दिवशी पाचवीवरही घेईना. दोन दिवस पूर्ण विश्रांती देऊन दुसरीवर यावं लागलं. चढलेल्या तीन पायऱ्यांची किंमत अकरा दिवस.

आणि चौथी: सगळे सराव माजघरात, संध्याकाळी, त्याच माणसाने केले. चौकात नेल्यावर ती कोरी पाटी. जागा, वेळ, माणूस बदलला की दरवेळी दोन-तीन पायऱ्या खाली उतरूनच सुरुवात करावी.

या सरावापेक्षाही ज्याने जास्त काम केलं ते म्हणजे खिशातली पिशवी. दिवसभरात आपोआप होणारा कोणताही दचकवणारा आवाज, कुकरची शिट्टी, खाली पडलेली परात, बुलेटच्या फोडलेल्या सायलेन्सरचा फटका, झाला की त्याच क्षणी भुरीला चिकनचा तुकडा किंवा दोरीची ओढाताण. ती घाबरली असो वा नसो. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्रापालकांना विचारून फटाक्यांच्या भीतीवरच्या उपायांचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात याच उपायाचा उपयोग झाला असं सांगणारे ७० टक्क्यांहून जास्त होते. निवांत राहायला शिकवणं आणि पशुवैद्याने दिलेली औषधं त्याच्या खालोखाल होती. नुसत्या ध्वनिमुद्रणाच्या सरावाचा क्रमांक बराच खाली लागला. आमचा अनुभवही तोच. मुद्रित आवाजाने पाया बसतो, पण गल्लीतल्या खऱ्या आवाजांनी भिंत उभी राहते.

निवांत राहायला शिकवणं म्हणजे घडी केलेली एक चादर जमिनीवर टाकायची आणि कुत्रं तिच्यावर बसलं, पसरलं, एका कुल्ल्यावर रेललं, हनुवटी टेकली, की प्रत्येक वेळी न बोलता पुढच्या पंजांच्या मधे तुकडा ठेवायचा. हातातून भरवायचं नाही, त्याने ते उठून बसतं. दहा मिनिटं, रोज. दीड महिन्याने चादर टाकली की भुरी आपोआप मोठा श्वास सोडायची. मग तीच चादर टेबलाखाली गेली.

एक गैरसमज इथेच मोडायला हवा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं, असं अनेक जण सांगतात. भीती ही भावना आहे, सवय नाही. कुरवाळल्याने ती वाढत नाही. भुरी येऊन चिकटली तर आम्ही छातीवर सावकाश, लांब हात फिरवतो. ती दूर गेली तर जाऊ देतो. रागावणं, ओढून बाहेर काढणं, ‘सवय होऊ दे’ म्हणून मिरवणुकीत नेणं, याने मात्र भीती खात्रीने वाढते. उपरण्याने छाती-पोट आवळून बांधण्याचा उपाय काहींना लागू पडतो. भुरीला त्याने थोडा फरक पडला, पण उन्हाळ्यात तो करू नये, अंग तापतं.

वळवाचा पाऊस हे वेगळंच प्रकरण. मेमध्ये दुपार कलली की वारा सुटतो, अंधारून येतं, मातीचा वास येतो, हवेचा दाब उतरतो आणि पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजतात. गडगडाट या सगळ्याच्या शेवटी येतो. कुत्रं पहिल्याच खुणेला थरथरायला लागतं, म्हणून नुसत्या गडगडाटाच्या मुद्रणाने वळवाची भीती पूर्ण जात नाही. आम्ही वारा सुटताच खेळ सुरू करायचो: जुन्या टॉवेलच्या घड्यांत चिकनचे तुकडे लपवून तिला हुंगून काढायला लावायचे. पडदे ओढून घ्यायचे, म्हणजे वीज दिसत नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावं. वादळ किती जवळ आलं ते यावरून कळतं, आणि तीन किलोमीटरच्या आत आलं की आम्ही सगळं सोडून टेबलापाशी बसतो. आणखी एक अडचण आपल्याकडची: वारा सुटला की लाइट जाते, कूलर बंद पडतो आणि नेमक्या कडकडाटाच्या वेळी घर निःशब्द होतं. म्हणून कूलरची घरघर फोनमध्ये मुद्रित करून बॅटरीच्या स्पीकरवर तयार ठेवली. लाइट जायच्या आधीच ती चालू करायची.

औषधाबद्दल लोकांना संकोच वाटतो, तो वाटू नये. मोरीत रात्रभर थरथरणाऱ्या जिवाला औषध न देणं यात शहाणपण नाही. प्रत्येक भयाण रात्र भीती आणखी खोल रुजवते आणि महिन्यांचा सराव पुसून टाकते. पशुवैद्य अशा वेळी ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन, अल्प्राझोलाम यांसारखी औषधं वजन, वय आणि यकृताची स्थिती बघून देतात. डेक्समेडेटोमिडीनचं गाल आणि हिरडीच्या मध्ये लावायचं जेल खास आवाजाच्या भीतीसाठी युरोप-अमेरिकेत मंजूर आहे. वर्षभर घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी फ्लुऑक्सेटिनसारखं रोजचं औषध असतं, पण त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून दिवाळीसाठी त्याचा विचार गणपतीतच करावा लागतो. मात्रा आम्ही मुद्दाम लिहीत नाही. ती आपल्या कुत्र्यासाठी पशुवैद्यानेच ठरवावी.

दोन गोष्टी मात्र ठामपणे. अ‍ॅसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटं देऊ नये. त्याने अंग ढिलं पडतं, कुत्रं गप्प दिसतं, पण भीती तशीच राहते, आणि आवाज काही कुत्र्यांना जास्तच बोचतो. भुरीला आधीच्या एका दिवाळीत ते दिलं गेलं होतं. ती जागची हलली नाही, म्हणून शांत झाली असं आम्हाला वाटलं. डोळे मात्र सताड उघडे होते. आणि घरातली सर्दीची किंवा झोपेची माणसांची गोळी अंदाजाने देऊ नये. लिहून दिलेलं औषधसुद्धा आधी एखाद्या शांत रविवारी देऊन पाहावं. काही कुत्री झोपण्याऐवजी चेकाळतात, काहींचे पाय लटपटतात. ते दिवाळीच्या रात्री कळून उपयोग नाही. भुरीला औषधाचा परिणाम दिसायला दीड तास लागला, हे त्या रविवारनेच सांगितलं. भीती चढल्यावर दिलेली गोळी फारशी चालत नाही, ती आवाजाच्या आधी पोटात हवी.

म्हणून वेळापत्रक महत्त्वाचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांना मनाई आहे. प्रत्यक्षात आवाज संध्याकाळी सातलाच सुरू होतात, तेव्हा गोळी साडेपाचला. मराठी घरांतली खरी अवघड वेळ मात्र नरक चतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान झालं की चार-साडेचारला पहिली माळ लागते, आणि बहुतेक जण कुत्र्याला नेमकं तेव्हाच फिरवायला काढतात. त्या दिवशी आम्ही साडेतीनला अंगणात लघवीला नेतो आणि मग थेट साडेआठनंतर बाहेर. हरित फटाक्यांनी धूर कमी होतो, पण त्यांनाही आवाज असतोच.

मिरवणुकांचं वेळापत्रक मंडळाच्या पोरांकडून मिळतं, फक्त आधी जाऊन विचारावं लागतं. आमच्या इथल्या पोराने सांगितलं, “काकू, साडेनऊला वेशीपाशी येतोय आपण. तुमच्या दारात थांबवत नाही, पुढच्या चौकात थांबवू. भुरीला आत घ्या तेवढं.” आणि खरोखर पुढच्या चौकात थांबवलं. हे मागितल्याशिवाय मिळालं नसतं.

सणाच्या दिवसांत बाहेर नेताना पट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही, दोन्हींना वेगळी दोरी. गळ्याच्या पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच जागा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकतं आणि सैल पट्टा डोक्यावरून निघतो. पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेली पितळी चकती. फराळाला माणसं येतात तेव्हा बाहेरचं दार उघडंच राहतं, म्हणून माजघराच्या उंबऱ्यावर लहान मुलांसाठी असतो तसा आडवा अडसर. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांसाठी जिन्याखालचं दार रात्रभर उघडं ठेवतो आणि दोन पोती टाकतो. एखादं तरी येऊन झोपतंच.

पहिल्या दिवाळीला, म्हणजे कामाला लागल्यापासून नऊ महिन्यांनी, भुरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री औषधावर टेबलाखाली राहिली. थरथर होती, मोरी नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी चिकन घेतलं. दुसऱ्या दिवाळीला पशुवैद्याने मात्रा निम्मी केली, आणि पावणेआठला लवंगी माळ संपत असताना तिने कडक भाकरीचा तुकडा कुरकुर चावून खाल्ला. वहीत त्या ओळीखाली रेघ ओढली आहे.

हलगी, माळ आणि सुतळी बॉम्ब आता बाराव्या पायरीवर आहेत. गडगडाट सातवर अडला आहे आणि यंदाच्या वळवापर्यंत तिथेच राहील असं दिसतं. सध्या शिट्टीच्या रॉकेटवर काम चालू आहे. कालची नोंद: दुसरी पायरी, स्पीकर माडीवर, एक दार उघडं, आठ आवाज, शेवटची भाकरी घेतली, डावा कान अजून मागे जातो.